एम.एस्सी. नर्सिंगचा गुणात्मक प्रबंध: पद्धत निवडताना मी कुठे चुकले आणि तुम्ही काय टाळा

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायला नऊ दिवस उरले होते आणि मी लायब्ररीत जुने प्रबंध चाळत बसले होते. बहुतेक सगळे एकाच साच्यातले. अमुक विषयावरच्या नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, साठ नमुने, आधी प्रश्नावली, मग फ्लॅशकार्ड, आठ दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली. कपाटाच्या तळाशी एक गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर उभा असलेला, प्रबंध सापडला. त्यावर 'फिनॉमिनॉलॉजी' असं पद्धतीचं नाव लिहिलेलं होतं. मी तो शब्द उचलला आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये नेऊन ठेवला. का, ते कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. पुढे ते चांगलंच अंगाशी आलं.

मी केज तालुक्यातली, विषय कम्युनिटी हेल्थ नर्सिंग. हल्ली बीड, लातूर, परभणी, हिंगोलीकडून ओळखीतल्या मुलींचे फोन येतात: "ताई, माझ्या टॉपिकला कोणती अप्रोच लावू?" प्रत्येकीशी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून काढते. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, माझ्याच प्रबंधाचं: पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या ऊसतोड बाया. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली, हे तुम्हाला आठवत असेल. तुमचा विषय डायलिसिसचा असो की एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातल्या, आयांचा, विचार करायची रीत हीच.

१. विषय खरंच गुणात्मक आहे का?

प्रश्नात 'किती', 'प्रमाण', 'परिणामकारकता', 'परस्परसंबंध' असा शब्द असेल तर तो संख्यात्मक प्रश्न आहे, त्याला सर्व्हे किंवा प्रयोगच लागतो. तालुक्यातल्या किती ऊसतोड बायांची पिशवी काढली आहे हे दहा मुलाखतींतून कधीच कळणार नाही. पण ती का काढू दिली, कुणाच्या सांगण्यावरून, त्यानंतर मोळी डोक्यावर घेताना काय होतं, हे हो-नाहीच्या चौकटीत मावत नाही. तिथे आपलं काम सुरू होतं.

स्टॅटिस्टिक्सची धास्ती वाटते म्हणून मात्र इकडे येऊ नका. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे, तेही लाइट असली आणि घरात शांतता असली तर. त्यापुढे कोडिंग, म्हणजे उताऱ्यातल्या प्रत्येक मुद्द्याला छोटं नाव देणं, आणि भाषांतर. काय-स्क्वेअर (संख्याशास्त्राची एक चाचणी) परवडला, तो काढून देणारा माणूस तरी मिळतो.

२. प्रश्न ओसरीवरच्या मराठीत लिहा

आपण सिनॉप्सिस इंग्रजीत लिहितो आणि इंग्रजीत सगळे विषय सारखेच दिसायला लागतात. प्रत्येकाची सुरुवात 'लिव्ह्ड एक्सपिरियन्स'ने. हा शब्द साधा नाही, तो फिनॉमिनॉलॉजीच्या घरातला आहे. एकदा शीर्षकात आला की परीक्षक त्या घराचे सगळे नियम विचारणार. मी तो शब्द 'अनुभव' एवढ्याच अर्थाने वापरला होता.

म्हणून इंग्रजी बाजूला ठेवा. गावातल्या आशाताईंना ओसरीवर बसून विचाराल तसा प्रश्न मराठीत, एका वाक्यात लिहा. मी नंतर लिहिले ते असे:

- पिशवी काढल्यावर बाईला आपलं शरीर, आपलं जगणं कसं वाटतं?
- काढायचं ठरतं कसं? आधी काय होतं, मग काय होतं?
- टोळीत, कोपीवर (तोडणी कामगारांच्या झोपडीत) बाईच्या दुखण्याकडे कसं बघतात?
- याच एका गावात हे इतकं का झालं?
- या एका बाईची लग्नापासून आजवरची हकीगत काय?
- बायांना आज नेमका काय त्रास आहे आणि उपकेंद्राकडून त्यांना काय हवंय?

विषय एक, प्रश्न सहा. यातला तुमचा कोणता, हे ठरलं की निम्मं काम झालं. दोन-तीन एकदम आवडले तर एकच ठेवा. सगळे एका प्रबंधात कोंबले तर एकालाही धड उत्तर मिळत नाही.

३. शेवटी हातात काय हवं ते ठरवा

पद्धतींची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येकीतून शेवटी काय निघतं ते समजून घ्या.

फिनॉमिनॉलॉजी. हिच्यातून निघतं एका अनुभवाचं सार. वरचा पहिला प्रश्न हिचा. इथे तुम्ही कारणं शोधत नाही, उपाय सुचवत नाही. तो अनुभव आतून कसा असतो एवढंच उलगडता. माणसं कमी, मुलाखती खोल. सहा ते बारा जणी सहसा पुरतात, पण एकेकीकडे दोनदा जायची तयारी हवी.

हिच्यात दोन वाटा आहेत आणि सिनॉप्सिसमध्ये त्यांतली एक लिहावी लागते. तत्त्वज्ञ एडमंड हुसर्लची वाट वर्णनाची. आपले पूर्वग्रह बाजूला ठेवायचे, म्हणजे ब्रॅकेटिंग करायचं, आणि समोरची सांगते ते तसंच मांडायचं. त्यांचाच शिष्य मार्टिन हायडेगर म्हणाला की माणूस स्वतःच्या जगातून असा बाहेर पडूच शकत नाही, समजून घेणं म्हणजेच अर्थ लावणं. ही झाली अर्थ लावणारी, म्हणजे इंटरप्रिटिव्ह वाट. हे तत्त्वज्ञान वाचताना मला झोप यायची. मग एकदा लक्षात आलं की माझ्या सख्ख्या मावशीची पिशवी काढलेली आहे आणि ते ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मी काय म्हणून ते बाजूला ठेवणार होते? ब्रॅकेटिंग केलं असं मी प्रबंधात लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. विषय तुमच्या घरातला असेल तर वर्णनाची वाट धरण्याआधी दोनदा विचार करा.

आणखी एक स्थानिक अडचण. वर्णनाच्या वाटेवर बरेच जण कोलायझीच्या १९७८ च्या सात पायऱ्या वापरतात. सातवी पायरी अशी की निघालेलं सार घेऊन पुन्हा त्याच माणसांकडे जायचं आणि विचारायचं, हे तुमचंच आहे ना? तुमचं विश्लेषण दिवाळीनंतर संपलं तर त्या बाया तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात एखाद्या उसाच्या फडात असतात. सातवी पायरी कागदावरच राहते.

ग्राउंडेड थिअरी. 'ठरतं कसं' हा दुसरा प्रश्न हिचा. हिच्यातून एखाद्या प्रक्रियेचं स्पष्टीकरण निघतं: कोणत्या टप्प्यावर कोण आडवं येतं, कशाने बाई पुढे जाते, कशाने थांबते. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी ती १९६७ मध्ये मांडली. ती जन्मली रुग्णालयात, मरणाच्या दारातल्या रुग्णांचा अभ्यास करताना, आणि त्यांच्या त्या चमूत जीन क्विंट ही परिचारिका होती. पुढे स्ट्रॉसबरोबर लिहिणारी ज्युलिएट कॉर्बिनही नर्सच. म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही.

पण ती सवड मागते. चार मुलाखती घ्या, कोडिंग करा, त्यातून कळेल की आता मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराशी, बोलायला हवं, की ज्यांनी ऑपरेशनला नकार दिला अशा बाया शोधायला हव्यात. मग पुन्हा बाहेर पडा. पुढची व्यक्ती कोण हे आधीची मुलाखत ठरवते. वीस-तीस मुलाखती सहज होतात. डेटा गोळा करायला सहा आठवड्यांची ठरावीक मुदत असेल, आणि आपल्याकडे बहुधा तेवढीच असते, तर पूर्ण ग्राउंडेड थिअरी होत नाही. सगळ्या मुलाखती आधी उरकून मग एकदम कोडिंगला बसणार असाल तर तिचं नाव घेऊ नका. जाणकार परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

एथ्नोग्राफी. एका समूहाची राहणी, समजुती, चालीरीती. तिसरा प्रश्न. नर्सिंगमध्ये हिची वेगळी शाखा मॅडेलिन लायनिंजर यांनी उभी केली. त्या परिचारिका होत्या आणि मानववंशशास्त्रज्ञही, न्यू गिनीत गादसुप लोकांमध्ये राहून त्यांनी काम केलं. 'राहून' या शब्दावर बोट ठेवते. कोपीवर जाऊन दोन तास बोलून परत येणं ही एथ्नोग्राफी नव्हे. पहाटे चारला टोळी उठते तेव्हा तुम्ही तिथे असायला हव्यात. पाणी कुठून आणतात, पाळीच्या दिवसांत बाई फडात काय करते, एक खाडा पडला तर किती पैसे कापतात, हे डोळ्यांनी बघून रोज रात्री वहीत उतरवायला हवं. नोकरी सांभाळून हे जमत नाही. वॉर्डातली संस्कृती हा विषय असेल, म्हणजे रात्रपाळीत ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) कसा देतात, नव्या सिस्टरला कसं वागवतात, तर मात्र ही पद्धत आपल्या आवाक्यात येते.

केस स्टडी. चौथा प्रश्न. इथे एका रुग्णाबद्दल बोलत नाही, वॉर्डात लिहितो ती केस स्टडी वेगळी, गोंधळ करू नका. इथे 'केस' म्हणजे हद्द आखलेली एक गोष्ट: एक गाव, एक उपकेंद्र, एक योजना. मुलाखती, नोंदवह्या, ग्रामसभेचे ठराव, सगळं वापरता येतं.

नॅरेटिव्ह म्हणजे पाचवा प्रश्न, एक-दोन बायांची सलग जीवनकथा. सुंदर असते, पण छोट्या गावात बाईची ओळख लपवणं जवळजवळ अशक्य. मी त्या कारणाने सोडली.

क्वालिटेटिव्ह डिस्क्रिप्शन. सहावा प्रश्न. साधं, सरळ वर्णन: काय होतं, कुणाला होतं, लोक त्याबद्दल काय म्हणतात. हिला नाव आणि मान मिळवून दिला मार्गारेट सँडेलोव्स्की या परिचारिका-संशोधिकेने, २००० साली लिहिलेल्या एका लेखातून. तिचा मुद्दा असा होता की अनेक जण प्रत्यक्षात साधं वर्णन करतात आणि त्याला मोठ्या पद्धतीचं नाव चिकटवतात. तो लेख वाचताना मला वाटलं, ही बाई आमच्या लायब्ररीत येऊन गेली की काय.

माझं मत विचाराल तर दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी दहातल्या सात-आठ जणींना हीच पद्धत साजते. ती कमी दर्जाची नाही. उपकेंद्रात उद्या काय बदलायचं हे सांगायचं असेल तर हिच्याइतकं उपयोगी काही नाही. विश्लेषणाला थीमॅटिक अ‍ॅनालिसिस घ्या. बोलण्यातले सारखे मुद्दे एकत्र करायची ही रीत, ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये सांगितलेले तिचे सहा टप्पे नवशिक्यालाही कळतात. मात्र थीमॅटिक अ‍ॅनालिसिस ही विश्लेषणाची रीत झाली, तिला अभ्यासाची अप्रोच म्हणून शीर्षकात टाकू नका.

४. कॅलेंडर बघा

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. कॉलेजच्या वेळापत्रकात डेटा कलेक्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या कित्येक गावांत तुम्हाला म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच भेटतील. मग एक तर कारखान्याच्या तळावर जायची तयारी ठेवा, नाहीतर वेळापत्रक हलवून घ्या. माझी अशी एक चक्कर फुकट गेली, एसटीचं भाडं आणि एक रजा दोन्ही.

उन्हाळ्यात बाया गावात असतात, पण लग्नसराई असते आणि पाण्याच्या खेपा असतात. दुपारी दोन ते चार हीच काय ती निवांत वेळ.

५. पद्धत पक्की करण्याआधी दोन मुलाखती

एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीआधी औपचारिक डेटा घेता येत नाही. पण विषय समजून घ्यायला आशाताईंशी, एएनएमशी (उपकेंद्रातल्या नर्सशी), आपल्याच नात्यातल्या बाईशी बोलायला कुणी अडवत नाही. हे बोलणं प्रबंधात वापरायचं नाही एवढं पाळा. मंजुरीनंतर मग रीतसर पायलट, म्हणजे चाचणीपुरत्या मुलाखती.

माझं घोडं पायलटमध्येच अडलं. मी फिनॉमिनॉलॉजीची मुलाखत-मार्गदर्शिका घेऊन गेले आणि विचारलं, "पिशवी काढल्यानंतरचा तुमचा अनुभव सांगा." दोघीही 'नंतर'बद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि थेट 'आधी'वर गेल्या. अंगावरून जायचं, मग जाऊबाई म्हणाली, मग मुकादमाकडून जास्तीची उचल (आगाऊ रक्कम) घेतली, मग अमक्या गावच्या दवाखान्यात गेलो, तिथं सोनोग्राफी केली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आज कंबर दुखते, गुडघे दुखतात, सरकारी दवाखान्यात कुणी नीट बघत नाही. माझा सुबक प्रश्न बाजूलाच राहिला.

त्या दोन उताऱ्यांवर मी लाल पेनने खुणा केल्या: जिथे टप्पे सांगितले तिथे 'ट', जिथे आतली भावना तिथे 'भ', जिथे आजची अडचण आणि गरज तिथे 'ग'. 'ट' आणि 'ग' यांनी पानं भरली, 'भ' चार ठिकाणी. बाया मला सांगत होत्या की तुझी पद्धत चुकली आहे. 'ट'साठी ग्राउंडेड थिअरी हवी होती, तिला माझ्याकडे वेळ नव्हता. म्हणून 'ग' धरला, क्वालिटेटिव्ह डिस्क्रिप्शन घेतली. ही खुणांची युक्ती तुम्हीही करून बघा, पैसे लागत नाहीत.

मंजुरीनंतर पद्धत किंवा मुलाखतीचे प्रश्न बदलले तर कमिटीला दुरुस्तीचा अर्ज द्यावाच लागतो. मला त्यात महिना गेला. न सांगता बदल करून पुढे जाण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

६. गाईड आणि कमिटीपुढे हमखास येणारे प्रश्न

सिनॉप्सिसचे नमुने बहुतेक संख्यात्मक अभ्यास डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. त्यामुळे हे होणारच.

"हायपॉथिसिस कुठे आहे?" गुणात्मक अभ्यासात नसतो. 'लागू नाही' असं लिहा आणि खाली एका ओळीत कारण द्या. रकाना भरायचा म्हणून ओढूनताणून एक गृहीतक लिहू नका.

"टूलची रिलायबिलिटी काढली का?" मुलाखत-मार्गदर्शिकेचा आर, म्हणजे प्रश्नावलीची विश्वसनीयता दाखवणारा आकडा, काढत नाहीत. तज्ज्ञांना दाखवून प्रश्न तपासून घ्या, पायलट करा, आणि लिंकन व गूबा यांनी १९८५ मध्ये सांगितलेल्या चार कसोट्या मांडा: निष्कर्ष विश्वासार्ह आहेत का, दुसऱ्या ठिकाणी लागू पडतील का हे वाचकाला ठरवता येईल एवढं वर्णन आहे का, कामाचा माग ठेवला आहे का, आणि निष्कर्ष डेटातून आलेत की तुमच्या मनातून. माग ठेवणं म्हणजे एक साधी वही. कोणत्या तारखेला कोणता कोड बदलला आणि का, एवढं लिहीत जा. आमच्या गाईड मॅडम सुरुवातीला आरसाठी अडून बसल्या होत्या. वही दाखवल्यावर त्यांनीच ती पुढच्या बॅचला दाखवायला मागून घेतली.

"सॅम्पल साइज कोणत्या सूत्राने?" सूत्र नाही. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं, याला सॅच्युरेशन म्हणतात. कमिटीला आकडा हवाच असतो, म्हणून 'दहा ते पंधरा, सॅच्युरेशनपर्यंत' असं लिहा. आधार म्हणून गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास देतात, ज्यात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण तो आकडा एकसारख्या गटाला लागू पडतो. तुम्ही तांड्यावरच्या बंजारा बाया आणि गावातल्या बाया अशा दोन्ही घेतल्या तर बारा पुरणार नाहीत.

७. जवळ काय काय हवं

कागदपत्रं:

- सिनॉप्सिस आणि गाईडच्या सहीचं पत्र
- संस्थेच्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र. अर्ज करण्याआधी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा
- जिथे जाणार तिथली परवानगी: प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. गावात सरपंचांना पत्र दिलेलं बरं
- माहितीपत्रक आणि संमतिपत्र मराठीत. त्यात रेकॉर्डिंगची संमती वेगळी हवी
- सही न येणाऱ्या बाईसाठी अंगठा, आणि तिच्यासमोर सगळं वाचून दाखवल्याची सही करणारा त्रयस्थ साक्षीदार. तुमची मैत्रीण किंवा मुकादम हा त्रयस्थ नव्हे
- मुलाखत-मार्गदर्शिका, तज्ज्ञांच्या तपासणीपत्रांसह

साहित्य: रेकॉर्डिंगला चांगला मोबाइल पुरतो. शिवाय दुसरा एखादा मोबाइल किंवा जुना रेकॉर्डर बरोबर ठेवा, कारण पंख्याच्या आवाजात एक मुलाखत पूर्ण वाया जाते. विमान मोड चालू करा, नाहीतर मध्येच फोन वाजतो. कोडिंगला महाग सॉफ्टवेअर घेऊ नका. टॅगेट मोफत आहे आणि देवनागरी घेतं. मी तर छापील पानं, रंगीत पेन आणि एक्सेलवर काम भागवलं. मुलाखत आपोआप लिहून देणाऱ्या कुठल्याही फुकट साइटवर रेकॉर्डिंग चढवू नका, त्या बाईने तुम्हाला संमती दिली आहे, त्या साइटला नाही.

लेखनाच्या शेवटी तपासायला कोरेक नावाची ३२ मुद्द्यांची यादी २००७ पासून वापरात आहे. ती शेवटी न बघता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. मुलाखतीला आणखी कोण हजर होतं, हा त्यातला एक मुद्दा आहे, आणि तो नंतर आठवत नाही.

८. मुलाखतीच्या दिवशी

पांढरा अ‍ॅप्रन घरी ठेवा. अ‍ॅप्रन दिसला की बाई गोळ्या मागते, बीपी बघायला सांगते आणि सरकारी माणसाला आवडेल तेच बोलते. बीपी जरूर बघा, पण मुलाखत संपल्यावर.

सासूबाई शेजारी येऊन बसतात. 'बसू द्या की' म्हणून सुरुवात केली तर पुढचा तासभर सासूबाईंचीच मुलाखत होते. मी एक मैत्रीण बरोबर न्यायचे. ती सासूबाईंना पलीकडच्या खोलीत गप्पांत गुंतवायची. मुकादमाने बाया गोळा करून दिल्या तर नम्रपणे नको म्हणा, त्याने निवडलेल्या बाया त्याच्याविरुद्ध बोलत नसतात. आशाताईंच्या मदतीने सुरुवात चालते, पण नंतर एका बाईने दुसरीचं नाव सुचवावं हे उत्तम.

बाई रडली तर रेकॉर्डर बंद करा. पाणी द्या, बसा. पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका. पुढे बोलायचं की नाही हे तिने ठरवायचं. समुपदेशनाची सोय आधी ठरवून कमिटीला लिहून द्यावी लागते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक कागदावर लिहून बाईपाशी ठेवला तरी उपयोग होतो. तिने डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव घेतलं तर उतारा लिहिताना ते काढा. गावाचं नावही. 'दोन ऑपरेशन झालेली, शुगर असलेली, तीन मुलींची आई' एवढ्या वर्णनावरून अख्खं गाव तिला ओळखतं, हेही लक्षात असू द्या.

९. बोलीतला शब्द हातातून सुटू देऊ नका

उतारा बाई बोलली तसाच लिहा. 'कामून' म्हणाली तर 'का' करू नका, 'लेकरू'चं 'मूल' करू नका. तांड्यावरच्या वयस्क बाया आपसांत गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. तिथे भाषा जाणणारी मैत्रीण लागते, आणि तिनेही गोपनीयतेच्या कागदावर सही करायची.

कोडिंग मराठी उताऱ्यावरच करा. इंग्रजी फक्त प्रबंधात घालायच्या वाक्यांपुरतं, आणि ती वाक्यं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मराठीत उलटवून बघा. "पिशवी काढली, कटकट मिटली" असं तिघींच्या बोलण्यात आलं होतं. 'कटकट'चं मी सरळ 'त्रास' केलं आणि शारीरिक तक्रारींत टाकलं. उलट भाषांतर करणारीने विचारलं, कशाची कटकट? पुन्हा रेकॉर्डिंग ऐकलं. एकीला पाळीत पडणाऱ्या खाड्यांची कटकट होती, दुसरीला फडात आडोसा शोधण्याची. तिसरीला दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून नवरा चिडायचा, त्याची. एक कोड होता तिथे तीन झाले आणि माझं चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, "फिनॉमिनॉलॉजी का नाही घेतली?" मी त्यांना इंग्रजी व्याख्या सांगितली नाही. ओसरीवरचा तो मराठी प्रश्न वाचून दाखवला, बायांना आज काय त्रास आहे आणि उपकेंद्राकडून काय हवंय, आणि म्हणाले की याचं उत्तर साराने मिळत नाही, यादीने मिळतं. ते "हं" म्हणाले आणि सॅम्पलिंगकडे वळले.